विदुषींचं दिसणं

(विज्ञान दिनाच्या निमित्ताने आमच्या गटाच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



'थोर स्त्री-शास्त्रज्ञ' या विषयावर बोला, असं मला सांगितलं तेव्हा मी लगेच होकार दिला. जन्मभर कॉलेजात गणित शिकवलंय, या विषयावरची दोन-तीन भाषणं माझ्या फायलीत तयारच असतात. तारखा बदलायच्या आणि यायचं, इतकंच काम. पण या वेळी फाइल उघडून वाचायला बसले आणि अस्वस्थ झाले. जवळजवळ प्रत्येक बाईची ओळख मी तिच्या दिसण्यापासून करून दिली होती. ही देखणी होती, ती साधी राहायची, तिचे केस विस्कटलेले असत, ती लठ्ठ होती. त्याच फायलीतली पुरुषांवरची टिपणं काढून पाहिली, तर तिथे सरळ 'यांनी अमुक सिद्ध केलं' अशी सुरुवात. बायकांवरची ही टिपणं कोणा पुरुषाने लिहिलेली नव्हती, अक्षर माझंच होतं.

म्हणून ठरवलं, आज दिसण्यावरच बोलायचं. त्यातही वजनावर. माझ्याकडे बघून तुमच्या लक्षात आलंच असेल, की या विषयाशी माझा फार जवळचा संबंध आहे. (हशा)

सुरुवात एमी नोएदरपासून करते, कारण तिचं माझ्यावर देणं आहे. जन्म १८८२ चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा. वडील गणिताचे प्राध्यापक. १९०७ मध्ये तिने डॉक्टरेट पुरी केली आणि १९०८ पासून पुढची सात वर्षं एर्लांगेनच्या गणित विभागात काम केलं. पगार नाही. १९१५ मध्ये हिल्बर्ट आणि क्लाइन या दोन मोठ्या गणितज्ञांनी तिला ग्योटिंगेनला बोलावलं. तिथे तिला शिकवण्याचा अधिकार द्यायला बाकीचे प्राध्यापक तयार नव्हते. त्यावर हिल्बर्ट म्हणाले म्हणे, की हे विद्यापीठ आहे, न्हाणीघर नव्हे. तरीही चार वर्षं तिच्या व्याख्यानांची जाहिरात हिल्बर्टच्या नावाने लागायची आणि शिकवायची ती. १९१९ मध्ये शिकवण्याचा अधिकार मिळाला, पण पैसे नाहीत. बीजगणित शिकवण्याबद्दल थोडंसं मानधन सुरू झालं तेव्हा ती चाळीस ओलांडून गेली होती. पूर्ण प्राध्यापकपद ग्योटिंगेनने तिला कधीच दिलं नाही. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू म्हणून तिला काढून टाकण्यात आलं. ती अमेरिकेत ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात गेली. एप्रिल १९३५ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर गेली. वय त्रेपन्न.

आता हीच बाई आठवणींमध्ये कशी भेटते पाहा. जाड, ठेंगणी, मोठ्या आवाजात बोलणारी. जेवताना हातवारे करायची, अन्न अंगावर सांडायची आणि बोलणं न थांबवता पदरानं, म्हणजे तिच्या झग्याच्या घोळानं, पुसून टाकायची. शिकवण्याच्या भरात केसांच्या पिना निसटायच्या. दोन तासांच्या तासिकेत एकदा मधल्या सुट्टीत दोन विद्यार्थिनी तिला केसांबद्दल काळजीने सांगायला गेल्या. पण ती इतर विद्यार्थ्यांशी गणितावर इतकी तावातावाने बोलत होती, की त्यांना मध्ये शिरायला जागाच मिळाली नाही. ही गोष्ट मला आवडते, पण ती नेहमी सांगितली जाते बाईच्या गबाळेपणाचा दाखला म्हणून. पंधरा वर्षं जिला कोणी पगार दिला नाही, तिने कपडे कशातून शिवायचे, हा हिशेब त्या आठवणींत कोणी मांडत नाही.

ती गेल्यावर ब्रिन मॉरला शोकसभा झाली. हेर्मान वाइल बोलले. ते स्वतः थोर गणितज्ञ आणि तिच्यावर मनापासून माया करणारे. तिची जागा त्यांनी निःशंकपणे पहिल्या पंगतीत लावली. तिच्या स्वभावाला त्यांनी पावाच्या लादीच्या उबेची उपमा दिली. आणि त्याच भाषणात सांगितलं, की सौंदर्याच्या देवता काही हिच्या पाळण्याशी उभ्या नव्हत्या. ग्योटिंगेनमध्ये तिला जर्मनमधलं पुल्लिंगी उपपद लावायचे, आपल्याकडे 'तो नोएदर' म्हणावं तसं, आणि तेही आदराने, हेही तेच सांगतात. म्हणजे बुद्धी मान्य करायची, पण ती मान्य करण्यासाठी आधी तिला पुरुष करून घ्यायचं. त्याच महिन्याभरात आइनस्टाइनने न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राला तिच्याविषयी पत्र लिहिलं. त्यात रूपाचा उल्लेख नाही, एवढं श्रेय त्याला देऊ या. तुलना मात्र तिथेही बायकांपुरतीच. स्त्रियांचं उच्च शिक्षण सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी प्रतिभा, असं काहीसं.

आणखी एक किस्सा आहे. एडमुंड लँडाऊ या गणितज्ञाला कोणीतरी विचारलं, की ही थोर स्त्री-गणितज्ञ आहे याची तुम्ही ग्वाही द्याल का? ते म्हणाले, थोर गणितज्ञ आहे याची देईन, स्त्री आहे याची मात्र शपथ घेता येणार नाही.

हा विनोद मी दरवर्षी वर्गात सांगायची. टी. वाय. ला रिंग थिअरी सुरू झाली, की नोएदरचं नाव येतंच. रटाळ तास, दुपारची वेळ, पोरं पेंगलेली. एक विनोद टाकला की वर्ग जागा होतो. एका वर्षी वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. अंगानं चांगली भरलेली, मागच्या बाकावर खिडकीशी बसायची. बीजगणितात तिच्याइतकं डोकं त्या वर्गात कोणाचं नव्हतं. सिद्धतेत मी एखादी पायरी गाळली, की मागून हळू आवाजात ती भरून यायची. मी विनोद सांगितला, वर्ग हसला, तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून मुलांनी तिचं नाव 'नोएदर' ठेवलं. मी ते ऐकलं होतं. आणि खरं सांगते, मला वाटलं, पोरं कौतुकानं म्हणतायत. पुढे ती फळ्यापाशी यायची थांबली. विचारलं तर 'मॅडम, इथूनच सांगते' म्हणायची. एम. एस्सी.ला तिनं नाव घातलं नाही. तिच्या घरच्या अडचणी असतील, अशी मी समजूत करून घेतली.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटली. बँकेत होती, दोन मुलं होती, मजेत होती. जेवायला शेजारी बसलो. माझ्या ताटात जिलबी पडली तसं मी नेहमीचं म्हटलं, 'नको गं बाई, आधीच काय कमी आहे का!' ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, 'मॅडम, तुम्ही नोएदर कशी दिसायची ते सांगितलंत. तिचं ते प्रसिद्ध प्रमेय काय होतं, ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.'

जिलबी मी खाल्ली. पण घरी येईपर्यंत घशाखाली उतरल्यासारखी वाटली नाही.

तेव्हापासून मी या नजरेनं जुनी चरित्रं पुन्हा चाळते आहे. लिझ माइटनर घ्या. अणुविखंडनाचा अर्थ लावणारी भौतिकशास्त्रज्ञ. १९०७ मध्ये व्हिएन्नाहून बर्लिनला आली. तिथल्या रसायन संस्थेचे प्रमुख एमिल फिशर. बायकांना संस्थेत प्रवेश नव्हता. त्यांच्या नाखुशीचं एक कारण काय होतं म्हणाल, तर एका रशियन विद्यार्थिनीच्या केसांच्या रचनेमुळे त्यांना कायम धास्ती, की बर्नरवर केस पेट घेतील. स्वतः फिशरसाहेबांना भलीमोठी दाढी होती. तिची धास्ती कोणाला वाटल्याचं वाचनात नाही. शेवटी माइटनरला तळघरातली एक सुतारकामाची खोली मिळाली, वेगळ्या दारानं ये-जा करायची अट घालून. वर जायचं नाही. लघवीला जायचं तर रस्त्यावरच्या उपाहारगृहात. पुढे १९२२ मध्ये तिचं विद्यापीठातलं पहिलं अधिकृत व्याख्यान झालं, विषय किरणोत्सर्ग आणि विश्वातल्या, म्हणजे 'कॉस्मिक', घडामोडी. वर्तमानपत्रानं छापलं 'कॉस्मेटिक'. बाई बोलणार म्हणजे पावडर-लिपस्टिकवरच बोलणार! ही छपाईची चूक म्हणून सोडून देता येईल, पण पुरुषाच्या व्याख्यानाला ही चूक झाली असती का?

लिपस्टिकवरून आठवली रोझलिंड फ्रँकलिन. डीएनएच्या रचनेचा शोध लागला त्यात तिने आणि तिच्या विद्यार्थ्याने १९५२ मध्ये काढलेल्या क्ष-किरण छायाचित्राचा वाटा किती मोठा, हे आता शाळेतल्या मुलींनाही माहीत असतं. १९५८ मध्ये ती कर्करोगाने गेली, सदतिसाव्या वर्षी. १९६२ मध्ये नोबेल मिळालं ते वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स या तिघांना. १९६८ मध्ये वॉटसनचं पुस्तक आलं आणि जगभर खपलं. त्यात ही बाई 'रोझी' आहे. तिला तोंडावर असं कोणी म्हणत नसे. ती लिपस्टिक लावत नाही, तिचे कपडे नीरस आहेत, चष्मा काढला आणि केसांचं काही केलं तर बरी दिसेल का, असे विचार लेखकाच्या मनात येतात. कधी येतात? १९५१ च्या नोव्हेंबरात ती आपल्या कामावर व्याख्यान देत असताना. त्या व्याख्यानात टिपणं घेतली नव्हती, हेही तोच सांगतो. डीएनएत पाण्याचं प्रमाण किती, हा तिने सांगितलेला आकडा त्याच्या चुकीचा लक्षात राहिला, आणि त्यावर त्याने व क्रिकने जी पहिली प्रतिकृती उभी केली, ती रोझलिंडने येऊन पाहिली आणि काही वेळातच मोडीत काढली. मला या प्रसंगानं फार बरं वाटतं. केसांकडे बघत बसलं की पाणी निसटतं.

पण इथे आपलंही एक पाहायला हवं. रोझलिंडची मैत्रीण अ‍ॅन सेअर हिने १९७५ मध्ये उत्तरादाखल पुस्तक लिहिलं. फार मोलाचं काम. त्यात ती सांगते, की रोझलिंड चष्मा वापरतच नव्हती, ती चांगले कपडे घालायची, पॅरिसला राहून आलेली होती. हे सगळं खरं आहे आणि वॉटसनची स्मरणशक्ती किती भरवशाची ते कळायला चष्म्याचा मुद्दा उपयोगीही आहे. तरी मला वाचताना टोचत राहिलं. ती चष्मेवाली असती, बेढब असती, तर? मग काय तो म्हणाला ते बरोबर ठरलं असतं? आपण बचाव करतो तोही त्यांच्याच कोर्टात जाऊन.

याच वॉटसनचा पुढचा किस्सा ऐका. २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात त्याचं भाषण झालं. त्यात तो म्हणाला, की लठ्ठ माणसाची मुलाखत घेताना वाईट वाटतं, कारण याला आपण नोकरी देणार नाही हे आपल्याला आधीच माहीत असतं. तीन दशकं एका मोठ्या प्रयोगशाळेचं प्रमुखपद भूषवलेला माणूस हे बोलतो, तेव्हा तो विनोद नसतो, नेमणुकीचं धोरण असतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं जाहीर लिहिलं, की लठ्ठ उमेदवारांनी पीएच. डी.ला अर्ज करू नयेत. ज्याला खाण्यावर ताबा नाही त्याला प्रबंध काय पुरा करता येणार? ओरड झाल्यावर विद्यापीठानं त्याच्यावर ठपका ठेवला. माझा एक साधा प्रश्न आहे. इच्छाशक्ती मापायची तर नोएदरची पंधरा वर्षं बिनपगारी काम करण्याची इच्छाशक्ती कोणत्या काट्यावर मापायची?

मलाही एकदा मुलाखतीत विचारलं होतं, 'दिवसभर उभं राहून शिकवणं झेपेल ना?' शेजारी बसलेल्या उमेदवाराचं पोट टेबलाला टेकत होतं. त्याला विचारलं नाही. असो.

पुरुष शास्त्रज्ञांच्या दिसण्यावर कोणी बोलतच नाही असं नाही. बोलतात, पण त्याचा सूर वेगळा. रामानुजन पहिल्यांदा रामचंद्र राव या कलेक्टरांकडे मदत मागायला गेले, त्याचं वर्णन रावांनीच करून ठेवलंय. ठेंगणे, जाडसर, दाढी वाढलेली, फारसे स्वच्छही नाहीत, काखेत जुनी वही. आणि लगेच पुढे, डोळे मात्र तेजस्वी. रावांनी वहीतलं सगळं समजत नसतानाही दरमहा पंचवीस रुपये द्यायला सुरुवात केली. त्यांचा मोठेपणाच तो. जाडसर, अस्वच्छ देहाच्या पलीकडची वही त्यांना दिसली. फॉन नॉयमन खाण्याचा शौकीन, गोलमटोल. त्याच्या बायकोची थट्टा प्रसिद्ध आहे, की याला कॅलरी सोडून सगळं मोजता येतं. ऐकणारा हसतो आणि नॉयमन आणखी आवडायला लागतो. आइनस्टाइनचे केस तर पोरांच्या बनियनवर छापलेले असतात. म्हणजे पुरुषाचा गबाळेपणा हे त्याच्या बुद्धीचं प्रमाणपत्र, बाईचा गबाळेपणा ही तिने चुकवलेली कर्तव्यं.

मग देखणं असलं की सुटका होते का? सोफिया कोवालेव्हस्काया देखणी होती. १८७० मध्ये बर्लिनला वायरस्ट्रासकडे गेली, वय वीस. असं सांगतात, की तिने चेहरा झाकणारी मोठी टोपी घातली होती आणि त्यांनी तिला कटवण्यासाठी अवघड उदाहरणं दिली. आठवड्यानं ती उत्तरं घेऊन आली. विद्यापीठ बाईला वर्गात बसू देईना म्हणून त्यांनी तिला घरी शिकवलं. आणि मग जन्मभर कुजबुज, की हिचं गणित मास्तरांचंच, आणि मास्तर तिच्यावर भाळले म्हणून. १८८८ मध्ये पॅरिसच्या अकादमीचं बोर्दँ पारितोषिक तिला मिळालं. त्या स्पर्धेत निबंधावर नाव घालायचं नसे, नुसतं एक बोधवाक्य. परीक्षकांना काम इतकं आवडलं, की त्यांनी बक्षीस ३,००० वरून ५,००० फ्रँक केलं. चेहरा दिसत नसताना.

आपल्याकडे कमला सोहोनींची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा अटींवर घेतलं. त्यातली एक अशी, की त्यांच्या असण्यानं प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं वातावरण बिघडता कामा नये. नुसतं असणं हाच धोका. त्याच कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच. डी. मिळवली आणि पुढे नीरेवर संशोधन केलं, आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना तिचा आहारात उपयोग होतो हे दाखवलं. आपल्या देशात बाईच्या वजनाचा प्रश्न दोन टोकांचा आहे, हे मी इथे मुद्दाम म्हणते. एकीकडे जिलबी नाकारणाऱ्या आपण, दुसरीकडे ज्यांच्या अंगावर मांसच चढत नाही अशा बाया. वजनकाट्यावर खरोखर बारकाईने लक्ष ठेवायला हवं ते तिथे.

डोरोथी हॉजकिनचं सांगते आणि मग थांबत नाही, पण वळते. १९६४ मध्ये तिला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पेनिसिलिन आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रचना तिने उलगडली, पुढे १९६९ मध्ये इन्सुलिनची. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी तिचं वर्णन केलं गृहिणी म्हणून. तिचे हात ऐन पंचविशीच्या आसपास संधिवातानं वाकडे झाले होते. क्ष-किरण यंत्राचं बटण दाबता येईना म्हणून तिने लांब दांडा बसवून घेतला आणि काम चालू ठेवलं. १९८५ मध्ये मॅगी हॅम्बलिंग या चित्रकर्तीनं तिचं चित्र केलं, ते लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे. म्हातारी डोरोथी, केस पिंजारलेले, टेबलावर कागदांचा ढीग, आणि तिला चार हात. चारही वाकडे, चारही कामात. छापील चित्रातच पाहिलंय मी ते, पण नजर हलत नाही. दिसण्याबद्दल बोलूच नये असं मला म्हणायचं नाही, हे त्या चित्रामुळे मला नीट कळलं.

आता कर्ज फेडते. इथे फळा आहे, खडूही दिसतोय.

नोएदरचं प्रमेय १९१८ चं. ग्योटिंगेनच्या विद्वत्सभेत ते मांडलं क्लाइनने, कारण ती त्या सभेची सभासद नव्हती. म्हणणं असं. समजा, एक प्रयोग तुम्ही आज केलात आणि तोच उद्या केलात, आणि निसर्गाचे नियम मधल्या वेळात बदलले नाहीत. आपण म्हणू, काळ सरकवला तरी नियम तेच. याला सममिती म्हणायचं. नोएदर दाखवते, की एवढ्या एका गोष्टीतून ऊर्जेची अक्षय्यता निघते. प्रयोग इथून उचलून शेजारच्या गावी नेला तरी नियम तेच, तर संवेगाची अक्षय्यता निघते. मांडणी नुसती वळवून ठेवली, पूर्वेची उत्तरेला केली, तरी नियम तेच, तर कोनीय संवेगाची. फिरकी घेणारी पोरगी हात आखडले की जोरात का गरगरते, ते यातच आलं. शाळेत हे तीन नियम आपण तीन वेगळ्या धड्यांत पाठ केले. तिने सांगितलं, अशी जी सलग सममिती सापडेल, तिच्यामागे एक न बदलणारी राशी असणारच. सिद्धतेला लागणारं गणित आज इथे होणार नाही, पण पहिली पायरी बिगर-गणितवालीलाही कळेल अशी आहे. दहा मिनिटं अजून बसा. मागे बसलेल्यांनी पुढे या. मी हे पहिल्यांदाच शिकवते आहे, तेव्हा एखादी पायरी गाळली तर तिथूनच सांगा.